एनडीटी शिकायचंय? मग क्रम उलटा करू नका

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा मुलाखतीला आला होता. फाइलमध्ये एनडीटीची, म्हणजे वस्तू न फोडता दोष शोधण्याच्या तपासणीची, पाच प्रमाणपत्रं: व्हीटी, पीटी, एमटी, यूटी, आरटी. पाचही लेव्हल टू, म्हणजे तीनपैकी दुसऱ्या पातळीची, आणि पाचहींवरच्या तारखा एकाच पंधरवड्यातल्या. मी त्याच्यापुढे यूटीचं, म्हणजे अल्ट्रासॉनिक तपासणीचं, मशीन, ध्वनीलहर सोडणारा साठ अंशांचा प्रोब आणि मशीन जुळवायचा व्ही-वन ब्लॉक ठेवला आणि म्हटलं, "कॅलिब्रेशन करून दाखव." त्यानं ब्लॉक दोनतीनदा फिरवून बघितला, प्रोब कोरडाच टेकवला आणि स्क्रीनकडे बघत बसला. तेल किंवा ग्रीस लावल्याशिवाय ध्वनीलहर धातूत शिरतच नाही, हेसुद्धा त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

असे वर्षाला दहाबारा जण येतात. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला असतो, घरच्यांनी पैसे जमवून कोर्स करवलेला असतो, आणि हातात कागद असूनही काम मिळत नाही. बहुतेकांची अडचण एकच: आधी प्रमाणपत्र, मग अनुभव, मग जमलं तर धातूशास्त्र, असा उलटा प्रवास. खाली जो क्रम दिलाय तो मोडला की पुढचे पैसे आणि महिने वाया जातात.

ज्यांना हा शब्दच नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच: जॉब, म्हणजे तपासायची वस्तू, न कापता, न फोडता त्यातला दोष शोधण्याच्या पद्धती म्हणजे एनडीटी. व्हीटी म्हणजे डोळ्यांनी तपासणी, पीटी म्हणजे शॉपवर ज्याला सगळे 'डीपी' म्हणतात ती लाल रंगाची चाचणी, एमटी म्हणजे चुंबकीय कणांची, यूटी म्हणजे अल्ट्रासॉनिक आणि आरटी म्हणजे रेडिओग्राफी. एडी करंट, लीक टेस्ट वगैरे आणखी आहेत, पण नवख्यानं त्यांच्या नादी आत्ताच लागू नये.

टप्पा १: पैसे भरण्याआधी डोळे तपासा

हास्यास्पद वाटेल, पण पहिली पायरी हीच. एसएनटी-टीसी-१ए या तपासनिसांच्या पात्रतेबद्दलच्या अमेरिकी शिफारशीप्रमाणे काम करणाऱ्या तपासनिसाला दरवर्षी जवळच्या नजरेची चाचणी द्यावी लागते: किमान ३० सेंटिमीटर अंतरावरून जेगर तक्त्यातली जे-२ आकाराची अक्षरं किमान एका डोळ्यानं वाचता आली पाहिजेत. चष्मा चालतो. याशिवाय रंगांमधला किंवा करड्या छटांमधला फरक ओळखता येतो का, हेही ठरावीक अंतरानं तपासतात.

रंगांधळेपणा असेल तर घाबरून मागे फिरू नका. तुमच्या पद्धतीत लागणारा फरक ओळखता येतो का एवढाच प्रश्न असतो. पांढऱ्या डेव्हलपरवरची (फटीतला रंग बाहेर ओढणाऱ्या लेपावरची) लाल रेघ दिसत नसेल तर पीटीत अडचण येईल, पण यूटीच्या स्क्रीनवर कदाचित काहीच अडणार नाही. मात्र हे कोर्सची फी भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

> तपासा: नेत्रतज्ज्ञाकडून येणाऱ्या कागदावर 'दृष्टी सामान्य' एवढंच नको. तक्त्याचं नाव, अक्षरांचा आकार, अंतर, चष्म्यासह की चष्म्याविना, आणि तारीख हवी. नुसत्या 'सिक्स बाय सिक्स'चा उपयोग नाही, ती लांबची नजर झाली.

टप्पा २: दोष कुठे जन्मतो ते आधी शिका

एनडीटीचं कुठलंही यंत्र 'हा दोष आहे' असं सांगत नाही. ते एक खूण देतं, ज्याला आम्ही इंडिकेशन म्हणतो. ती खूण दोषाची आहे की जॉबच्या आकाराची, हे ठरवायला तो जॉब कसा बनला ते ठाऊक लागतं. म्हणून कोर्सआधीचे दोन महिने इकडे घाला.

कास्टिंगमध्ये काय होतं ते फाउंड्रीत उभं राहून बघा. कोल्हापूरकडच्या मुलांना हे सोपं आहे, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ओळख निघतेच. ब्लो होल वायूमुळे, श्रिंकेज धातू थिजताना आकसतो म्हणून, कोल्ड शट दोन थंडावलेले प्रवाह नीट न मिसळल्यामुळे. फोर्जिंगमध्ये घडी पडते ती लॅप. वेल्डिंगमध्ये पोरॉसिटी (वायूची छिद्रं), स्लॅग (अडकलेली मळी), अंडरकट (काठाची खाच), लॅक ऑफ फ्यूजन (धातू एकजीव न होणं), लॅक ऑफ पेनिट्रेशन (वेल्ड मुळापर्यंत न पोचणं) आणि सगळ्यांत वाईट म्हणजे क्रॅक. वापरातल्या यंत्रात मात्र यातलं फार काही नवीन जन्मत नाही. तिथं फटीग क्रॅक, म्हणजे वारंवारच्या ताणानं पडलेली भेग, आणि गंज.

ओळखीच्या वेल्डरकडे एक दिवस बसा. त्याला मुद्दाम वाईट वेल्ड मारायला सांगा: करंट कमी ठेवून, स्लॅग न काढता दुसरा पास टाकून. मग तो तुकडा आडवा कापा, पॉलिश पेपर मारून चकचकीत करा आणि बघा. लॅक ऑफ फ्यूजनची ती बारीक, सरळ, काठालगतची रेघ एकदा कापलेल्या तुकड्यात बघितली की पुढे स्क्रीनवर ती कुठे उगवणार याचा अंदाज आपोआप येतो. माझ्या मते हा एक दिवस वर्गातल्या चार दिवसांच्या बरोबरीचा आहे.

गणिताचं म्हणाल तर दहावीची त्रिकोणमिती पुरते, पण ती खरोखर यायला हवी. साइन, कॉस, टॅन. यूटीत याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही.

टप्पा ३: पद्धती एका वेळी एकदोनच

क्रम असा ठेवा: व्हीटी आणि पीटी एकत्र, मग एमटी, मग काही महिने काम, त्यानंतर यूटी, आणि आरटी सगळ्यांत शेवटी. पहिल्या तीन पद्धती पृष्ठभागाच्या आहेत, साहित्य स्वस्त आहे आणि चूक झाली तर लगेच दिसते. यूटीत चूक दिसत नाही. म्हणूनच ती पद्धत हात बसल्यावर घ्यायची.

आता आकडे बघा. एसएनटी-टीसी-१ए च्या २०१६ च्या आवृत्तीत लेव्हल वन आणि टू मिळून प्रशिक्षणाचे तास असे येतात:

- पीटी: ४ + ८ = १२
- एमटी: १२ + ८ = २०
- व्हीटी: ८ + १६ = २४
- यूटी: ४० + ४० = ८०
- आरटी: ४० + ४० = ८०

बेरीज २१६ तास. रोज आठ तास वर्ग भरला आणि रविवारीही सुट्टी घेतली नाही, तरी २७ दिवस लागतात. आणि हे फक्त प्रशिक्षण. अनुभवाचे तास वेगळे, त्यांचं पुढे येईलच. 'दहा दिवसांत पाच लेव्हल टू' अशी जाहिरात दिसली की हा हिशेब तिथंच मांडून दाखवा आणि काय उत्तर येतं ते ऐका.

टप्पा ४: कोणाचं प्रमाणपत्र, कशाचं प्रमाणपत्र

इथं सर्वाधिक घोळ होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

एसएनटी-टीसी-१ए ही पद्धत नोकरी देणाऱ्याभोवती बांधलेली आहे. कंपनीचा एक लिखित दस्तऐवज असतो, त्याला 'रिटन प्रॅक्टिस' म्हणतात. त्यानुसार कंपनी तुमचं प्रशिक्षण, अनुभव, नजर आणि परीक्षा तपासते आणि कंपनीच तुम्हाला लेव्हल वन किंवा टू म्हणून प्रमाणित करते. क्लासवाले देतात तो प्रशिक्षणाचा आणि परीक्षेचा पुरावा. नोकरी सुटली की ते प्रमाणन संपतं. नवी कंपनी जुने पुरावे बघून नव्यानं प्रमाणित करते. त्यामुळे 'माझ्याकडे आयुष्यभराचं अमेरिकन लेव्हल टू आहे' या वाक्याला काही अर्थ नाही.

आयएसओ ९७१२ची रीत वेगळी. तिथं तिसरी, स्वतंत्र संस्था परीक्षा घेते आणि प्रमाणपत्र तुमच्या नावावर राहतं, पाच वर्षं. नोकरी बदलली तरी ते सोबत येतं. ब्रिटनची पीसीएन ही योजना याच मानकावर चालते. प्रशिक्षणाचे तास जास्त, खर्चही जास्त. आपल्याकडे भारतीय मानक आयएस १३८०५ आहे, आणि इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग ही संस्था प्रमाणनाचं काम बघते. तिचं मुख्यालय चेन्नईला असलं तरी मुंबई-पुण्यात शाखा आहेत.

मग घ्यायचं कुठलं? ज्या कामावर जायचंय त्याच्या निविदेत किंवा जाहिरातीत जे लिहिलंय ते. चाकण-भोसरीतल्या बहुतेक शॉपना आणि आखातातल्या कित्येक ठेकेदारांना एसएनटी-टीसी-१ए चालतं. युरोपीय ग्राहकाचं काम असेल तर आयएसओ ९७१२ मागतात. पाच जाहिराती कापून समोर ठेवा, मग फी भरा.

क्लास निवडताना हे विचारा, आणि उत्तर तोंडी देत असतील तर लेखी मागा:

- प्रमाणपत्रावर प्रत्येक पद्धतीचे तास वेगवेगळे लिहिणार का?
- एका यूटी मशीनमागे किती मुलं? तीनपेक्षा जास्त असतील तर तुमच्या वाट्याला प्रोब येणार नाही.
- आतले दोष ठाऊक असलेले नमुने आहेत का? की नुसते भंगारातले तुकडे?
- लेव्हल थ्री, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचा माणूस, कोण, कुठल्या पद्धतीत, आणि वर्गात तो येतो की फक्त सही करतो?

> सावधान: लेव्हल थ्री असलेला माणूस पाचही पद्धतींत असतोच असं नाही. यूटीचा लेव्हल थ्री आरटीच्या कागदावर सही करत असेल तर तो कागद ऑडिटमध्ये पहिल्या फेरीत बाद होतो.

टप्पा ५: वर्गात हात घाण करा

नोट्स घरी वाचता येतात. वर्गात असताना साहित्य हातात घ्या. कुठे चुका होतात ते पद्धतीगणिक सांगतो.

*पीटी.* सर्वांत सोपी समजली जाते, म्हणून सर्वांत जास्त बिघडवली जाते. क्रम असा: स्वच्छता, सुकवणं, पेनिट्रंट (फटीत शिरणारा लाल रंग), थांबणं, पुसणं, डेव्हलपर, थांबणं, निरीक्षण.

पहिली चूक स्वच्छतेत. पृष्ठभाग चकचकीत दिसावा म्हणून मुलं ग्राइंडर मारतात. त्यानं मऊ धातू, विशेषतः ॲल्युमिनियम, क्रॅकच्या तोंडावर लिंपला जातो आणि रंग आत जाण्याची वाटच बंद होते. क्रॅकमध्ये तेल किंवा पाणी राहिलं तरी तेच.

दुसरी चूक पुसताना. क्लीनरचा डबा घेऊन थेट जॉबवर फवारा मारायचा नाही. आधी कोरडी, न सुटणाऱ्या धाग्याची चिंधी. मग क्लीनर चिंधीवर घेऊन पुसायचं. थेट फवारलं तर क्रॅकमधला रंगही धुऊन निघतो आणि तुम्ही सुखानं 'ओके' लिहून मोकळे होता.

तिसरी चूक घड्याळात. प्रोसिजरमध्ये पेनिट्रंटसाठी १० मिनिटं लिहिली असतील तर ती पूर्ण भिजल्यापासूनची, आणि मोबाइलवर टायमर लावून मोजायची. डेव्हलपर सुकल्यावरही तसंच. अॅस्मी या अमेरिकी यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या कोडमध्ये, पाचव्या विभागात, अंतिम निरीक्षण १० ते ६० मिनिटांच्या दरम्यान करायला सांगितलंय. आधी बघितलं तर बारीक क्रॅक उमटलेला नसतो, उशिरा बघितलं तर रंग पसरून आकार कळत नाही.

चौथी खास आपल्याकडची. त्याच कोडमध्ये पृष्ठभागाचं तापमान साधारण ५ ते ५२ अंश सेल्सियस धरलंय. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे उन्हात ठेवलेली प्लेट दुपारी ही मर्यादा सहज ओलांडते. सावलीत घ्या किंवा सकाळी लवकर करा, आणि थर्मामीटर लावून तापमान लिहा.

*एमटी.* योकची, म्हणजे जॉब चुंबकित करणाऱ्या दोन पायांच्या साधनाची, उचलक्षमता रोज तपासा: एसी योकनं ४.५ किलो आणि डीसीनं १८ किलो वजन उचललं पाहिजे, तेही पाय कामाला लागतील तितके फाकवून. प्रत्येक जागा एकमेकींना काटकोनात अशा दोन दिशांनी तपासायची, कारण चुंबकीय रेषांना समांतर गेलेला क्रॅक दिसतच नाही. आणि ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसवर एमटी करायला सांगितलं तर 'होत नाही' म्हणा. तो धातू चुंबकाला धरत नाही. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि हमखास चुकतो. एकाच जॉबवर पीटी आणि एमटी दोन्ही असतील तर पीटी आधी, नाहीतर चुंबकीय पावडर क्रॅकच्या तोंडात बसते.

*यूटी.* सरळ प्रोबनं व्ही-वन ब्लॉकच्या २५ मिलिमीटर जाडीवर २५, ५०, ७५, १०० असे इको, म्हणजे परत येणाऱ्या लहरी, स्क्रीनवर लावता आले की पहिला दिवस सार्थकी लागला. मग तिरकी लहर सोडणारा अँगल प्रोब: आधी ब्लॉकच्या १०० मिलिमीटरच्या कमानीवर प्रोबचा बाहेर पडण्याचा बिंदू शोधायचा, त्यानंतर खरा कोन. प्रोबवर ६० छापलंय म्हणून तो ६०च असतो असं नाही. पायथा झिजला की कोन बदलतो. पहिलं केल्याशिवाय दुसरं करता येत नाही, तरी निम्मी मुलं कोनापासूनच सुरुवात करतात.

आता एक उदाहरण कागदावर सोडवा. २० मिलिमीटर जाडीची प्लेट, ६० अंशांचा प्रोब. तळाशी लहर पोचते तेव्हा तिचा मार्ग २० भागिले कॉस ६०, म्हणजे ४० मिलिमीटर. पृष्ठभागावरचं अंतर २० गुणिले टॅन ६०, म्हणजे ३४.६. समजा ५६ मिलिमीटर मार्गावर इको आला. नवखा ५६ गुणिले कॉस ६० करतो आणि रिपोर्टात लिहितो: खोली २८ मिलिमीटर. वीस मिलिमीटरच्या प्लेटमध्ये! लहर तळाला आपटून परत वर येतेय, त्यामुळे खरी खोली ४० वजा २८, म्हणजे १२ मिलिमीटर. डिजिटल मशीन हे स्वतः काढतं, पण त्यात जाडी चुकीची भरली असेल तर तेही तितक्याच आत्मविश्वासानं चुकीचं सांगतं.

> तपासा: कोर्स संपायच्या आत स्वतःला विचारा: कुणी शेजारी नसताना, कोऱ्या मशीनवर मी वीस मिनिटांत अँगल प्रोब कॅलिब्रेट करू शकतो का? उत्तर 'नाही' असेल तर परीक्षेची तारीख पुढे ढकला.

टप्पा ६: तासांची वही

प्रमाणपत्राइतकीच, किंबहुना त्याहून महत्त्वाची वस्तू म्हणजे अनुभवाची नोंदवही. त्याच २०१६ च्या तक्त्यानुसार यूटीत लेव्हल वनसाठी त्या पद्धतीतले २१० तास आणि एकूण एनडीटीतले ४०० तास लागतात. लेव्हल टूसाठी आणखी ६३० आणि १,२००. थेट लेव्हल टू करायचं असेल तर दोन्हींची बेरीज: यूटीचे ८४०, एकूण १,६००. आठ तासांच्या पाळीनं १,६०० तास म्हणजे २०० कामाचे दिवस. पीटीत तीच बेरीज २१० आणि ४०० येते, म्हणून ती पद्धत आधी.

हे तास मिळवायचे कसे? ट्रेनी किंवा हेल्पर म्हणून. तपासणी सेवा देणाऱ्या लहान एजन्सीत पगार कमी असतो, पण वर्षभरात रिफायनरीचा शटडाऊन, बॉयलर, टाकी, पाइपलाइन असं सगळं हाताखालून जातं. मोठ्या कंपनीत पगार बरा, मात्र तीन वर्षं एकाच प्रकारच्या फोर्जिंगवर एमटी करत बसाल. पहिल्या दोन वर्षांसाठी मी एजन्सी सुचवेन.

वहीत रोज लिहायचं: तारीख, जागा, पद्धत, जॉबचं वर्णन आणि जाडी, कुठलं कोड, उपकरणाचा क्रमांक, प्रत्यक्ष तास, आणि देखरेख करणाऱ्या लेव्हल टू किंवा थ्रीची सही. सही त्याच आठवड्यात घ्या. सहा महिन्यांनी तो माणूस कतारला गेलेला असतो.

माझी स्वतःची पहिली वही अशीच गेली. दीड वर्षाच्या कामाच्या नोंदी होत्या, सह्या 'नंतर घेऊ' म्हणून राहिल्या, आणि ती एजन्सीच बंद पडली. नव्या ठिकाणी तासांचं मीटर शून्यापासून सुरू झालं. तेव्हापासून दर शनिवारी पानाचा फोटो काढतो.

> सावधान: साइटवर बारा तास थांबलात म्हणजे यूटीचे बारा तास झाले नाहीत. परमिटची वाट बघणं, मचाण बांधायची वाट बघणं, चहा, हे त्यात धरत नाहीत. रोजचे बारा-बारा तास छापील अक्षरात ओळीनं लिहिलेली वही बघितली की ऑडिटर पुढचं पान उलटत नाही.

टप्पा ७: परीक्षा

तीन भाग असतात. जनरल म्हणजे पद्धतीचं तत्त्व, स्पेसिफिक म्हणजे कंपनीची प्रोसिजर आणि कोड, प्रॅक्टिकल म्हणजे हाताचं काम. प्रत्येकात किमान ७० टक्के आणि तिन्हींची मिळून सरासरी किमान ८०. ही दुसरी अट मुलं वाचतच नाहीत. ७२, ७४, ७८ मिळवून पास झालो म्हणून पेढे वाटलेला एक जण माझ्या माहितीत आहे. सरासरी ७४.७.

जनरलची तयारी सगळे करतात, प्रश्नसंच बाजारात मिळतात. घात होतो तो स्पेसिफिकमध्ये. तिथं उत्तर समोरच्या प्रोसिजरमध्ये असतं, पण ते शोधायची सवय नसते. रोज अर्धा तास कोडचं एक पान वाचा आणि स्वतःला विचारा: किती जाडीला कुठला प्रोब, किती लांबीचा दोष नापास? इंग्रजी वाचनाची धास्ती असेल तर सुरुवात मान्यतेच्या निकषांच्या तक्त्यांपासून करा, त्यात भाषा कमी असते.

प्रॅक्टिकलमध्ये दोष सापडला नाही म्हणून जितके नापास होतात, जवळपास तितकेच रिपोर्ट अपुरा म्हणून होतात. दोषाची जागा मोजायचा शून्यबिंदू कुठला, हेच लिहिलेलं नसतं. 'डाव्या बाजूला क्रॅक' म्हणजे कुणाच्या डाव्या?

टप्पा ८: रेडिओग्राफी, वेगळ्या दारातून

आरटीचा कोर्स करून लेव्हल टू झालात म्हणून सोर्सला, म्हणजे किरणं सोडणाऱ्या पदार्थाला, हात लावायची परवानगी मिळते, हा समज धोकादायक आहे. भारतात किरणोत्सर्गी उपकरणांवर अणुऊर्जा नियामक परिषदेचं नियंत्रण असतं. तिचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. उपकरणं, सोर्स आणि माणसं यांच्या परवानग्या तिच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीतून चालतात. रेडिओग्राफरला किरणोत्सार सुरक्षेचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण लागतं, वय किमान १८ लागतं, आणि संस्थेकडे मान्यताप्राप्त रेडिएशन सेफ्टी ऑफिसर असावा लागतो. नुसतं एसएनटीचं कागदपत्र घेऊन कॅमेरा, म्हणजे सोर्स ठेवलेलं उपकरण, चालवायला सांगणारा मालक तुम्हालाही अडकवतोय.

आधी हे दोन आकडे पाठ करा. कामगारासाठी मर्यादा: पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. आता २० क्युरी ताकदीच्या उघड्या इरिडियम-१९२ सोर्सपासून एक मीटरवर उभं राहिलात तर तासाला सुमारे ९६ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे वर्षाचा वाटा तेराएक मिनिटांत संपला. अंतर दुप्पट केलं तर मात्रा चौथ्या हिश्शावर येते. म्हणून पहिलं संरक्षण पाय, मग शिसं.

प्रत्येक एक्स्पोजरनंतरचा, म्हणजे सोर्स बाहेर काढून फिल्म घेतल्यानंतरचा, क्रम, जो कधीच मोडायचा नाही:

1. सोर्स आत ओढला, हँडल शेवटपर्यंत फिरलं.
2. किरणोत्सार मोजणारं सर्व्हे मीटर चालू स्थितीत हातात घेऊन कॅमेऱ्याकडे जायचं.
3. कॅमेऱ्याभोवती आणि सोर्स ज्यातून बाहेर जातो त्या गाइड ट्यूबच्या टोकापर्यंत रीडिंग घ्यायचं.
4. रीडिंग नेहमीच्या पातळीवर असेल तर कुलूप, मगच फिल्म बदलायची.

रीडिंग जास्त आलं तर मागे फिरायचं, दोरी लावून माणसं लांब करायची आणि सेफ्टी ऑफिसरला फोन करायचा. सोर्स अडकलाय म्हणून ट्यूब हलवून बघणं, वाकून बघणं, हातानं उचलणं, यातलं काहीही नाही. पहाटे तीनला, दहा फिल्म राहिलेल्या असताना, दुसरी पायरी गाळायचा मोह होतो. बहुतेक कामं रात्रीच चालतात कारण तेव्हा परिसर रिकामा असतो, आणि झोपही तेव्हाच येते.

टीएलडी बॅजबद्दल एक गैरसमज: तो वाचवत नाही. तो फक्त किती मिळालं ते नोंदवतो, आणि तेही तिमाहीनं प्रयोगशाळेत वाचल्यावर कळतं. छातीवर लावायचा, शिशाचा एप्रन असेल तर त्याच्या आत. शर्ट टांगून ठेवला आणि बॅज त्यावरच राहिला, तर एक्स्पोजरच्या खोलीत शर्टाला मिळालेली मात्रा तुमच्या नावावर चढते, आणि मग खुलासे देत बसा.

तांत्रिक बाजूची एकच चूक सांगतो. इरिडियमचं अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस आहे. चाळीस क्युरीचा सोर्स अडीच महिन्यांनी वीसवर येतो आणि तितक्याच काळेपणासाठी वेळ दुप्पट लागतो. जुना तक्ता भिंतीवर चिकटवून त्यावरून शूटिंग करणाऱ्यांच्या फिल्म फिक्या येतात आणि अख्खी रात्र पुन्हा करावी लागते.

टप्पा ९: मुलाखत, आणि नोकरी सोडतानाचे कागद

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांची फाइल न्याच, पण वर नोंदवही ठेवा. त्यासोबत तुम्ही लिहिलेले दोनतीन रिपोर्ट न्या, ग्राहकाचं नाव आणि ड्रॉइंग क्रमांक खोडून. तुम्हाला न सुटलेला एखादा इंडिकेशन आठवत असेल तर तो मोकळेपणानं सांगा. मी तरी असा उमेदवार आधी घेतो.

कामावर लागल्यावर पहिल्या महिन्याभरात कुणीतरी म्हणेल, "एवढं काय, मारून टाक ओके." ट्रक गेटवर उभा असतो. अशा वेळी वाद घालू नका. जे दिसलं ते मोजमापासह रिपोर्टात लिहा आणि निर्णयासाठी लेव्हल थ्रीकडे पाठवा. माल सोडायचा की नाही हे ठरवणारे वेगळे आहेत. तुमची सही तुम्हाला दिसलेल्या गोष्टीखाली आहे.

नोकरी सोडताना शेवटच्या दिवशी एचआरकडून अनुभवपत्र मिळतं, त्यात बहुधा 'क्वालिटी विभागात काम केले' एवढंच असतं. ते पुढे कुठंच चालत नाही. राजीनामा देण्याच्या आधीच या गोष्टी मागून घ्या: पद्धतीनुसार तास लिहिलेलं पत्र, प्रशिक्षणाच्या नोंदी, तिन्ही परीक्षांचे गुण, नजरचाचणीचे अहवाल, आणि आरटीत असाल तर किरणोत्साराच्या मात्रेचा आजवरचा हिशेब. एकदा गेटपास जमा झाला की हे कागद काढून द्यायला आत कुणाला वेळ नसतो.